निवांतपणाचा आकडा

मुलांनो, आज आपण एक पट्टी मनगटावर बांधू या. कल्पनेतली. डोळे मिटायची गरज नाही; डोळे मिटायला सांगितले की तुमच्यातले काही जण सरळ झोपतात. नुसतं डावं मनगट पुढं करा. जखमेवर लावतो तशी एक पातळ पट्टी त्यावर चिकटली आहे आणि तिच्यावर एक आकडा उजळला आहे. तुम्हाला सुरक्षित वाटत असेल तर आकडा हिरवा, धास्ती वाटली की पिवळा, घाबरलात की लाल. तोच आकडा त्याच क्षणी तुमच्या आईवडिलांच्या फोनवरही दिसतो.

आता सांगा, गणिताचा पेपर हातात पडताना तुमचा आकडा कुठल्या रंगाचा असेल? आणि तो लाल झालेला बघून आईनं तिथंच, वर्गात, फोन केला तर?

हसलात ना? शाल्मलीही आधी हसली होती.

शाल्मली उटगे उदगीरची. तिच्या वडिलांचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा. गावात लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा असो, आवाज उटग्यांचा. शाल्मली डॉक्टर व्हायला लाटव्हिया नावाच्या लहानशा देशात गेली, रीगा शहरात. अजून पंचवीसेक वर्षांनंतरची ही गोष्ट आहे. तेव्हा सतराव्या वर्षी मुलं अशी सर्रास जात असतील. तरी सतरा म्हणजे माझ्या हिशेबी मूलच.

ती पोचली आणि त्याच हिवाळ्यात घोगरा ताप आला.

त्या तापाची खोडी अशी होती. विषाणू श्वासावाटे हवेत जायचा आणि हवेतूनच दुसऱ्याच्या छातीत उतरायचा. आधी घसा बसायचा, आवाज घोगरा व्हायचा, मग ताप चढायचा. घसा बसण्याच्या आधीचे काही दिवस लागण झालेला माणूस इतरांना ताप देत फिरायचा आणि त्या दिवसांत चाचणीतही काही सापडायचं नाही. बहुतेक लोक बरे व्हायचे. काहींना, विशेषतः दमेकऱ्यांना, तो छातीत गाठायचा आणि मग फार थोडे वाचायचे.

परदेशी मुलांची काळजी तिथल्या शिक्षणसंस्थेला होती, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या साथींमध्ये अशी मुलं खोल्यांत एकटी कुढली होती आणि कुणी विचारलं नव्हतं. म्हणून संस्थेनं सगळ्यांना एकेक पट्टी दिली. तिचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं; आपली मुलं तिला ‘निवांत’ म्हणायची.

निवांत काय करायची, ते नीट समजून घ्या. माणूस घाबरला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडतं. ते रक्तात उतरतं आणि थोडं घामातही येतं. पट्टी ते घामातून मोजायची. शिवाय ती हृदयाचे ठोके ऐकायची. आपल्याला वाटतं, हृदय घड्याळासारखं नेमानं टिकटिकतं. तसं नाही. निवांत माणसाच्या ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं, बागेत फिरणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं. भीती वाटली की ठोके भरभर आणि कवायतीसारखे एकसारखे पडू लागतात. या दोन गोष्टींवरून पट्टी आकडा काढायची आणि तो अगदी बरोबर असायचा. यंत्रात कसलाही दोष नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं तुम्ही यंत्राला दोष द्यायला लागाल.

संस्थेचा नियम असा, की ज्याचा आकडा बराच काळ लाल राहील त्याला इथं सुरक्षित वाटत नाही असं धरून घरी पाठवायचं. मायेनंच. पण जागा जायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून प्रवेशाची धडपड, आणि ती प्रत्येकाला जमेलच असं नव्हतं.

शाल्मलीचा आकडा लाल व्हायला ट्राम पुरेशी होती. वसतिगृह दौगावा नदीच्या एका काठाला आणि महाविद्यालय दुसऱ्या. ट्राममध्ये रोज एक करडी टोपी घातलेली बाई भेटायची. शाल्मली शेजारी बसली की ती उठायची, काहीतरी पुटपुटत दूर जाऊन बसायची आणि जाता जाता शाल्मलीच्या डोक्यावरची खिडकी खाडकन उघडायची. बर्फावरून आलेला वारा कानात शिरायचा. एकदा कुणीतरी मागून मोठ्यानं काहीतरी बोललं आणि दोघंतिघं हसले. शब्द कळले नाहीत. रोख कळला. आकडा लाल.

लगेच फोन. “काय झालं गं माय? लाल का दाखवायलंय?”

“काही नाही बाबा. ट्राममध्ये आहे.”

“ट्राममध्ये काय झालं?”

“काही झालं नाही. थंडी आहे.”

“थंडीनं लाल होत नाही, मी वाचलंय त्यात. कुणी काही बोललं का? खरं सांग. जेवलीस का?”

मागून आईचा आवाज यायचा, दम लागत लागत, “तिला म्हणावं मफलर बांध.” आईला दमा होता. ती जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी थांबून श्वास घ्यायची.

फोन वाजला की आता काय सांगू, या विचारानं शाल्मली आणखी घाबरायची. त्यानं आकडा आणखी चढायचा. तो चढलेला बघून बाबा आणखी घाबरायचे आणि पुन्हा फोन करायचे. आठवडाभरात दोघंही थकून गेली. ती इतकी थकली की तिला ट्रामपेक्षा फोनची धास्ती वाटू लागली आणि त्याचं वाईट वाटून ती रडली. आकडा लाल.

एका दुपारी ती नदीकाठच्या बाकावर बसली आणि तिनं स्वतःहून फोन लावला.

“बाबा, माईक स्पीकरच्या तोंडासमोर धरला की काय होतं?”

“शिटी मारतंय की. कान किटतात. का?”

“का मारतं?”

“स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, तो मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये… फिरतच राहतंय ते. हे काय विचारायलीस? तुला तिथं हेच शिकवायलेत का?”

“मग तुम्ही काय करता?”

“आवाज खाली घेतो. नाहीतर माईक बाजूला.”

“बाबा, मी माईक आहे. आणि तुम्ही स्पीकर.”

मग बाबा हसल्यासारखे झाले. “म्हणजे शिटी आपणच मारायलोत म्हण की.” थोड्या वेळानं म्हणाले, “बरं. बुधवारी आणि रविवारी करतो फोन. बाकीचे दिवस नुसतं बघतो.”

“बघू पण नका.”

“ते जमणार नाही गं. बाप आहे मी.”

शिटी थांबली. आकडा लालवरून पिवळ्यावर आला आणि तिथंच रेंगाळला. त्याला हिरवा केला जुनैदनं.

जुनैद मुजावर मिरजेचा, तिच्याच वर्गातला, अंगानं आडवा आणि तोंडानं त्याहून आडवा. वसतिगृहात त्यांच्या मजल्याच्या टोकाला एक सामाईक स्वयंपाकघर होतं. तिथं त्यानं महाराष्ट्रातून आलेली सगळी पोरं गोळा केली आणि रोज संध्याकाळी अंगतपंगत सुरू केली. ज्यानं त्यानं आपापलं काहीतरी करून आणायचं, जमिनीवर चादर टाकून गोल बसायचं आणि एकमेकांच्या ताटातलं खायचं. तुम्ही मधल्या सुट्टीत करता तसंच.

“उटगे, हे काय आणलंस? भात आहे का खळ?”

“पाणी जास्त झालं.”

“पाणी नाही झालं, दौगावा झाली. आण इकडं, त्यात माझं मटण घालू, म्हणजे नदीला घाट तरी होईल.”

अकोल्याची प्रणिता डहाके ठेचा करायची आणि तो खाऊन सगळे हाशहुश करत डोळे पुसायचे. बाहेर लवकर अंधारायचं, थंडी काचांवर साचायची. खिडक्या गच्च बंद, मास्क खिशात, आणि मनगटांवर सगळीकडं हिरवे आकडे. संस्थेच्या समुपदेशक बाईंनी तर संदेश पाठवला, की तुमचा मजला सर्वांत सुरक्षित आहे, असेच एकत्र राहा.

उदगीरला बाबांनी तो संदेश आईला दोनदा वाचून दाखवला.

आता दुसऱ्या एका यंत्राकडं वळू. हे जुनं आणि साधं. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. उघड्यावरच्या हवेत तो दहा लाख भागांत जेमतेम साडेचारशे. बंद खोलीत माणसं बसली की तो वाढत जातो. तो वाढला म्हणजे काय? म्हणजे तुम्ही इतरांनी सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहात. कुणाच्या श्वासात विषाणू असेल तर तोही तुमच्या वाट्याला येतो. त्या शहरात प्रत्येक ट्राममध्ये असा हवामापक लावलेला होता, दाराच्या वर. शाल्मलीनं तो रोज बघितला होता आणि कधीच वाचला नव्हता. तो नेहमी सहाशेच्या आसपास असायचा.

प्रयोगशाळेत श्वसनाचा धडा आला तेव्हा प्रत्येकाला एक छोटा हवामापक मिळाला, घरी मोजून बघायला. शाल्मलीनं तो अंगतपंगतीत ओट्यावर ठेवला आणि विसरून गेली. जेवता जेवता मान वळवली तर आकडा तीन हजारांच्या वर.

तिनं मनगटाकडं बघितलं. हिरवा.

तिला एकदम ट्रामच्या दारावरचा सहाशेचा आकडा आणि ती करडी टोपीवाली बाई आठवली. बाईनं खिडकी काही मायेपोटी उघडली नव्हती. शाल्मलीचा श्वास आपल्या अंगावर नको म्हणूनच उघडली होती. पण वारा दोघींनाही लागत होता. जिथं ती रोज मरणाची घाबरत होती तिथली हवा चांगली होती. जिथं ती मोकळा श्वास घेत होती तिथं ती दहा जणांचा श्वास घेत होती.

पट्टी खोटं बोलत नव्हती. पट्टीला फक्त ‘तुला कसं वाटतंय’ एवढंच कळत होतं. हवेचं तिला काहीच कळत नव्हतं.

“काय गं, घास अडकला का?” जुनैदनं विचारलं. आणि त्याचा आवाज फाटका आला.

“तुझा घसा बसलाय,” शाल्मली म्हणाली.

“आईस्क्रीम खाल्लं काल.”

“कधीपासून बसलाय?”

“अगं बये, सांगितलं ना आईस्क्रीम. बघ, हिरवा आहे मी.” त्यानं मनगट नाचवलं. एक-दोघं हसले.

तिनं ओट्यावरचा आकडा सगळ्यांना दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. ती काही जोरात बोलली नाही. उठून तिनं खिडकी उघडली, मास्क लावला. हसणं विझलं. आधी प्रणिताची पट्टी लाल झाली, मग शेजारच्या मुलाची, मग त्याच्या शेजारच्याची. गोलात लाल रंग ताटं पुढं सरकवावीत तसा फिरत गेला. आणि मग फोन वाजू लागले. अकोल्याहून, साताऱ्याहून, परभणीहून, एकाच वेळी. एका चादरीवर दहा आया एकदम बोलत होत्या, “काय झालं रे? काय झालं गं?”

“बरं वाटलं का आता?” प्रणिता शाल्मलीवर उखडली. “चांगलं चाललं होतं सगळ्यांचं. तू येऊन सगळ्यांना भीती वाटत सुटलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा संदेश आला. तुमचा मजला अचानक लाल झाला आहे. तुम्हाला इथं सुरक्षित वाटत नाही हे आम्हाला कळतं. भारतात जाणारं विशेष विमान शनिवारी आहे, सगळ्यांची सोय करतो. साथीमुळं या वेळी जागाही राखून ठेवू. ज्यांच्या निकट सहवासात घोगऱ्या तापाचा रुग्ण आहे, त्यांना मात्र जाता येणार नाही.

घरी! जागाही राहणार! पोरं बॅगा भरू लागली. आणि कुणी ठरवल्याशिवायच ठरलं, की जुनैदच्या घशाबद्दल बोलायचं नाही. त्याला ताप कुठं होता? तो खोलीतून बाहेर पडत नव्हता. बाकी सगळ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह निघाल्या. त्या तशाच निघणार, पहिले काही दिवस. शाल्मलीला ते माहीत होतं. खरं तर सगळ्यांनाच माहीत होतं; शिकत काय होते ते?

ती जुनैदच्या दाराशी गेली. “डॉक्टरांना कळवू या.”

“नको,” तो आतून म्हणाला. आवाज आता नुसत्या हवेसारखा झाला होता. “शनिवारपर्यंत थांब. तिकडं गेलो की लगेच दाखवतो. आईच्यान.”

“विमानात किती लोक असतील, जुनैद?”

“मला माझ्या आईकडं जायचंय गं.” आणि हे तो चेष्टेत म्हणत नव्हता.

शाल्मली खोलीत आली. अर्धी भरलेली बॅग पलंगावर उघडी होती. तिचं अंग दुखत होतं, झोप झाली नव्हती, आणि कुणाशीही, कशाबद्दलही बोलायचं त्राण उरलं नव्हतं. तिनं बाबांना फोन लावला. वार कुठला होता कुणास ठाऊक.

तिनं सगळं सांगितलं. बाबांनी मधे एकदाही तोडलं नाही.

“तू ये,” ते शेवटी म्हणाले. “बाकीचं आपण बघून घेऊ.”

“आईचं काय बघून घेऊ?”

“तिला वरच्या खोलीत ठेवू. तुला खाली. मी मधे राहतो.”

“बाबा, ती वर चढते तरी का?”

“उचलून नेतो मी तिला.” ते थांबेनात. “लेकरा, तिथं तुला कोण आहे? काही झालं तर पाणी कोण देईल? इथं आपलं घर आहे. तू नुसती ये. शनिवारी निघालीस की रविवारी सकाळी तुला घ्यायला येतो मी हैदराबादला. गाडीत उशी टाकतो, झोपून ये. आई दूध तापवून ठेवील. धपाटे करील.”

शाल्मलीनं डोळे मिटले. गाडीतली उशी तिला गालाला लागली. खांदे खाली आले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

“झाला!” बाबा ओरडले. “शाल्मली, हिरवा झाला बघ! मी म्हणत नव्हतो? बघितलंस का? आगं, ऐकलंस का, पोरीचा हिरवा झाला!” हे आईसाठी होतं. आई कुठूनतरी लगबगीनं आली असावी. तिचा श्वास फोनमध्ये ऐकू आला. आत जाताना शिट्टीसारखा, बाहेर येताना तुटक.

शाल्मलीनं डोळे उघडले. आकडा हिरवागार होता. त्या स्वयंपाकघरात होता तितकाच.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला बसवा आधी. पाणी द्या. मी फोन ठेवते.”

“तू येतेस ना?”

“नाही.”

तिनं फोन ठेवला. तिच्या मनगटावर हिरवा पिवळा झाला, पिवळा लाल झाला. तो उदगीरलाही दिसत असणार. बाबांनी पुन्हा फोन केला नाही. मुलांनो, त्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याचा तुम्ही मोठे झाल्यावर एकदा विचार करा.

मग शाल्मलीनं काय केलं?

ती खाली आरोग्य कक्षात गेली. कक्षातल्या परिचारिकेनं विचारलं, “तुला सुरक्षित वाटत नाहीये का?” शाल्मली म्हणाली, “ते राहू द्या. आमच्या मजल्यावर एक रुग्ण आहे. आम्ही दहा जण त्याच्याबरोबर जेवलो.” तिनं जुनैदचं नाव आणि खोली सांगितली. परिचारिकेनं ताबडतोब गाडी मागवली आणि मजल्यावरच्या सगळ्यांचे शनिवारच्या प्रवासाचे परवाने रद्द केले.

वर आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. प्रणिता दारात उभी होती, हातात घडी केलेला स्वेटर. तिनं शाल्मलीकडं बघितलं, आत गेली, दार लावून घेतलं. एकामागून एक बाकीची दारंही लागली.

शाल्मली शेवटच्या दाराशी थांबली.

“जुनैद, मी सांगून आले. गाडी येतेय.”

आत पलंग करकरला.

“जा,” तो म्हणाला. एवढाच शब्द त्याच्या घशातून निघाला.

“हो,” शाल्मली म्हणाली. तिनं मास्क नीट केला, दोन पावलं मागं सरकली आणि त्याच्या दारासमोरच्या भिंतीला टेकून खाली बसली, गाडी येईपर्यंत.